स्लो सायकल

स्नेहसंमेलनात पाहुण्यांची भाषणं लांबली आणि शिक्षक विरुद्ध विद्यार्थी ही स्लो सायकलची स्पर्धा सुरू व्हायला दुपार कलली. जो सगळ्यात शेवटी पोहोचेल, तो विजेता. माझ्या थकलेल्या गुडघ्यांना झेपणारा हा एकच खेळ उरलाय, त्यामुळे दरवर्षी मीच जिंकतो. यंदा मात्र दहावीतली वर्षाली माझ्याही मागे होती, पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळत.

"वर्षे, हळू! या वर्षी सरांना हरवायचंच!" अख्खा वर्ग ओरडत होता.

तेवढ्यात चाकणच्या एका कंपनीची बस कामगारांना न्यायला हॉर्न देत तिच्या वस्तीकडे वळली. वर्षालीनं कुंपणापलीकडे पाहिलं, जोरात पायडल मारलं आणि मला मागे टाकून शेवटची रेघ ओलांडली.

"काय गं, सरांना घाबरलीस व्हय?" मुलं चिडली.

ती थांबली नाही. सायकल तशीच फाटकाबाहेर काढत तिनं ओरडून सांगितलं,



"आई शिफ्टला निघाली, सर! घरी धाकट्यापाशी कुणी न्हाई!"