अर्धा तास रेडिओ

सेल काढून आकारामने सदऱ्याच्या खिशात टाकले आणि रेडिओचे मागचे झाकण परत बसवले. रेडिओ पुन्हा कोनाड्यात होता तिथेच ठेवला. लपवून उपयोग नव्हता. मागे त्याने तो ट्रंकेत घालून कुलूप लावले, तर पोरगी ट्रंकेला टेकून बसली आणि दिवसभर जेवली नाही. आता वाजलाच नाही तर कंटाळून टाकून देईल, असे त्याला वाटत होते.

"अंजे, आजच्या दिवस त्याला हात लावू नगंस," पाठमोराच तो म्हणाला. "आजी याय लागलीया. तिनं बघितलं तर तुला म्हसवडला न्हील. मग मी हितं कुणासाठी ऱ्हायचं?"

उत्तर आले नाही. तो वळला. सात वर्षांची अंजना वेणीचे टोक धरून त्याच्याकडे बघत होती.

"कळलं न्हवं?"

तिने मान हलवली.

रेडिओ त्याने पलटणीत असताना घेतला होता. सुट्टीवर येताना बायकोसाठी, शालूसाठी आणला. शालू तो चुलीजवळ ठेवायची, आणि सांगली केंद्र लागले की अंजना तिच्या मांडीवर येऊन बसायची. गेल्या वर्षी मायलेकी एकाच तापाने पडल्या. लेक उठली. शालू उठली नाही. आकाराम नोकरी सोडून कुंडलला आला. भेटायला येणारी माणसे घरात हळू बोलत, पोरीसमोर तर कुजबुजतच. तो मूळचाच कमी बोलणारा, आणखी गप्प झाला. पोरगी रेडिओजवळ बसते याचे त्याला सुरुवातीला बरेच वाटले. घरात तेवढेच तिसरे माणूस.

मग ती सकाळी उठल्यापासून तो कानाला लावू लागली. आवाज पार शेवटपर्यंत. शेजारचा नानासो म्हणाला, "आकाराम, आमच्या म्हशीला बी आता बाजारभाव पाठ झाल्यात गड्या." तेव्हा दोघेही हसले होते.

नंतर हसण्यासारखे राहिले नाही. हाक मारली तर पोरगी ओ देईना. शाळेतून बोलावणे आले. गुरुजी म्हणाले, तोंडाकडे टक लावून बघते, पण आत काही शिरत नाही. मी फळ्याकडे वळून पाठ केली की संपले. त्यांनी छडी मारून पाहिली होती. रेडिओ फार झाला, डोक्यात तोच वाजत असणार, असे त्यांचे मत पडले. ऊस भरलेली गाडी मागून आली त्या दिवशी तर ती रेडिओ कानाला लावून वाटेच्या मधोमध चालत होती. बैलांच्या घुंगरांना नाही, गाडीवानाच्या ओरडण्याला नाही, कशालाच ती बाजूला झाली नाही. नानासोने ओढली म्हणून वाचली.

लेकराने रेडिओ किती ऐकावा यावर मग गावात ज्याचे त्याचे मत होते. नानासो म्हणे, अजिबात नको. गुरुजी म्हणत, बातम्यांपुरता. आकाराम तिला सांगलीला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी समोर बसवून नाव विचारले, तिने सांगितले. जीभ पाहिली, डोळे पाहिले. दिवसातून अर्धा तास, त्याच्यावर नको, म्हणाले.

अर्धा तास काही पाळला गेला नाही. एकदा त्याने तिच्या हातातून रेडिओ हिसकावला आणि तिला मारले. शालू असताना त्याने कधी पोरीवर हात उचलला नव्हता. मग तो गोठ्यात जाऊन बसला. बाहेर यायचे धाडस होईना.

म्हसवडपर्यंत हे सगळे पोचायला वेळ लागला नाही. सासूने, अंबूबाईने, निरोप धाडला की मी येते, पोरगी त्या डबड्यापाशी दिसली तर कायमची घेऊन जाते.

एसटीतून उतरल्या उतरल्या तिने तेच सांगितले. वाटेने आकाराम तिची पिशवी घेऊन मागे चालत होता.

"आवं पावणं, माझी लेक गेली. तिचं लेकरू तुमी त्या पेटीच्या हवाली केलंसा."

"आता सुटलंय मामी तिचं."

"बघू की."

"तिच्याबिगर माझं कोण हाय, मामी?"

अंबूबाईने चालणे थोडे हळू केले.

गल्लीत वळले तेव्हा घर शांत होते. कधी नव्हे ते शांत. आकाराम थांबला. त्याला छातीतले ओझे उतरल्यासारखे झाले.

"ऐका, मामी. हाय का कसला आवाज?"

अंबूबाईने कान दिला. "न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल पडला.

दोघे आत आले. अंजना दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. रेडिओ दोन्ही हातांनी कानाशी धरलेला, अंगठा आवाजाच्या बटणावर.

"बघा," अंबूबाई म्हणाली. "ह्येच का सुटलंय?"

"अंजे," त्याने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग ओरडला. अंबूबाई दचकली. अंजना हलली नाही.

त्याचा हात खिशाकडे गेला. सेल तिथेच होते.

तो फिरून तिच्या समोर जाऊन बसला. तिने वर पाहिले. आज तो मारणार नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळले असावे, कारण तिने रेडिओ लपवला नाही. बटण आणखी पिळले, ते पुढे जात नव्हते.

"आबा, ह्यो आज बी रोजच्यावानीच बोलतुय," ती म्हणाली. "आई गेल्यापासनं तुमी समदी बोलतासा न्हवं, तसंच. लय हळू."