आतल्या कड्या

सुताराने स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढून पिशवीत टाकली. आधीच्या पाच कड्यांवर ती खणकन आपटली. संध्याकाळी सैन्याची माणसं मुक्कामाला यायची होती. त्याआधी घरातली एकही आतली कडी राहता कामा नये, असा हुकूम होता.

"घाबरायचं कारण नाही," आजोबा म्हणाले. जन्मभर मास्तरकी केलेली. शब्द हाती आला की त्याची मुळं खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "याला बिलेट म्हणतात. मूळची ती साधी चिठ्ठी. पूर्वी शिपाई चिठ्ठी घेऊन दाराशी यायचा. घरवाल्यानं त्याला अंथरूण, दिवा, मीठ आणि चुलीजवळ जागा द्यायची. पुढं त्या घरालाच बिलेट म्हणू लागले. पाहुणचारच तो!"

"पाहुण्यांसाठी कड्या काढतात होय, मामंजी?" सून म्हणाली.

आजोबा चष्मा पुसत राहिले.

सुतार शेवटच्या खोलीकडे वळला तशी ती आडवी आली. आत तिची सोळा वर्षांची लेक कपडे आवरत होती.

"भाऊ, ही एवढी राहू द्या. विसरलो म्हणा."

"सात दारं, सात कड्या. कागदावर आहे, वहिनी." त्याची मान वर होईना. "आमच्या घरच्या काल मीच काढल्या."

"आणि तुमच्या मुली?"

"पहाटेच मावशीकडे पोचवल्या."

"मग हिलाही..."

"दुपारपासून नाक्यावरून कुणाला सोडत नाहीत."

शेवटचा स्क्रू गंजला होता. तेल घालावं लागलं. कडी निघाली तिथं रंगाखालचं कोरं लाकूड उघडं पडलं.

"येतो, गुरुजी," सुतार पुटपुटला आणि निघून गेला.

आजोबांनी टेबलावरची सैन्याकडून आलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. माणसं सहा. मुक्काम किती दिवस, त्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कागद उलटूनही पाहिला.

रस्त्यावर बूट वाजू लागले.

आजोबा उठले. दुखरे गुडघे दाबत नातीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. ओठांत देवाचं नाव होतं.

"आजोबा, तिथं काय करताय?" आतून नातीनं विचारलं.

"काही नाही गं बाळ. इथं गार वाटतं."

सून त्यांच्या शेजारी येऊन बसली. लहानपणी वडिलांचा धरावा तसा तिनं त्यांचा हात धरला.

बाहेरचं दार कुणी वाजवलं नाही. ते नुसतं उघडलं.