एकाच रक्ताच्या दोन नळ्या

आमचे आकडे बरोबर येतात का, याची परीक्षा घ्यायला बाहेरून रक्ताची नळी आली, की फिनलंडमधल्या कोक्कोला गावातल्या आमच्या प्रयोगशाळेत तिचे जावयासारखे लाड होतात. तिच्यासाठी नवं मशीन. रुग्णांसाठी खिडकीजवळचं जुनं. या वेळी मी तिच्यातलं अर्धं रक्त साध्या नळीत ओतलं, खोटं नाव चिकटवलं आणि जुन्यावर लावलं. नव्यावर पोटॅशियम साडेसहा आलं, म्हणजे हृदय कधीही थांबेल. जुन्यावर साडेचार, म्हणजे ठणठणीत. दोन्ही नळ्या प्रमुखापुढे आपटल्या. “रायमो, रक्त एकच आहे. जुनं बंद कर, डायलिसिसवाल्या आयनोची नळी लावलीय त्यावर.” वेलचीचा पाव चावत तो म्हणाला, “आणि निम्मा जिल्हा रांगेत उभा करू? ही साधी कोणाची?” “कोणाचीच नाही.” “मग कोणी मेलं नाही ना, बये!” त्याने नव्याचा आकडा परीक्षकांना पाठवला, साधी कचऱ्यात टाकली. जुनं मशीन वाजलं. “साडेचार! बघ, आयनोही ठणठणीत.”