दोन तोंडांची साक्ष

सकाळपासून तिसरं गिऱ्हाईक पाव परत घेऊन आलं, तेव्हा बेकरीच्या मालकाने हात टेकले. पाव अळणी होते. कालही अळणीच होते.

नवा कारागीर मान खाली घालून उभा होता. या बेकरीत कणीक मळून झाली की मळणाऱ्याने चिमूटभर चाखायची, मग त्याच्याच हातून मालकाने. दोन तोंडांची साक्ष पटल्याशिवाय भट्टीत काही जात नसे. पण मालक हल्ली गल्ल्यावरून उठत नव्हता आणि कारागिराने कणीक तोंडाला लावलीच नव्हती. का, असं विचारल्यावर त्याने लाकडी काथवटीकडे बोट दाखवलं. अकरा वर्षं त्या काथवटीत ताई मळत होती.

ताई कोपऱ्यात कागदी पिशव्यांवर शिक्के मारत होती. तिला एचआयव्ही आहे हे आठवड्यापूर्वी सगळ्यांना कळलं आणि मालकाने सगळ्यांदेखत तिला काथवटीवरून उठवून तिथे बसवलं. पगार तोच ठेवला, म्हणजे आपण फार मोठं मन केलं असं त्याला वाटत होतं. ती त्याला डॉक्टरांकडेही घेऊन गेली होती. मळल्याने, खाल्ल्याने हे पसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने नंदीबैलासारखी मान डोलावली होती.

ताईने शिक्का खाली ठेवला. कोपरापर्यंत हात धुतले आणि कारागिराला बाजूला सारून पुढचा घाणा मळायला घेतला. कणीक तयार झाल्यावर तिने काथवट उचलली आणि थेट गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर आणून ठेवली.

मालक घाईघाईने पुटपुटला, की आत जाऊन चाखू.

"उठवलंत सगळ्यांसमोर," ताई म्हणाली. "चाखायचंही सगळ्यांसमोर."

तिने एक चिमूट तोंडात टाकली. दुसरी मालकापुढे धरली. हा हात आज तसाच मागे आला, तर काथवट कायमची सुटणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिने तो मागे घेतला नाही.

मालकाने रांगेकडे पाहिलं. पाव परत करायला आलेल्या म्हातारबाई जागच्या हलल्या नाहीत. कुणीच हललं नाही. शेवटी त्याने ती चिमूट घेतली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"किंचित कमी आहे," तो जुन्याच तिरसट आवाजात म्हणाला. "अकरा वर्षं झाली, तरी मलाच सांगावं लागतं."

ताईला हसू आलं आणि रडूही. तिने मीठ घातलं, पुन्हा मळलं, नवी चिमूट काढली. या वेळी हात कारागिराकडे वळला.

त्याने आधी मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. ते अजून हलत होतं.

"त्यांचं झालं," ताई म्हणाली. "आता तू सांग, मीठ बरोबर आहे का."