दहावा चेहरा

“ही कोण, आजी?”

डॉक्टरांनी दहावं चित्र टेबलावरून पुढे सरकवलं आणि आजींना हसूच फुटलं. इतका वेळ त्यांची पाचावर धारण बसली होती. दहा प्रसिद्ध चेहरे दाखवायचे, आजींनी नावं सांगायची, सात बरोबर आली तर डोकं शाबूत, नाहीतर नाही. सहा आली होती, तीन हुकली होती. चौथ्या चेहऱ्याच्या वेळी तर त्यांनी नावासकट “ह्याचा पाय जन्मात कधी ठेक्यात पडला नाही” अशी जादा माहितीही पुरवली होती आणि डॉक्टर हसून म्हणाल्या होत्या, “नुसतं नाव पुरे.” आता एकच चेहरा उरला होता आणि तो हा निघाला.

दाराजवळच्या खुर्चीत नातसून बसली होती. तिच्या पर्समध्ये आजींच्या घराची किल्ली होती. गेल्या महिन्यात आजी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून फिरायला निघून गेल्या होत्या, तेव्हापासून ती किल्ली तिथेच होती. ‘एकट्या राहू शकतात’ असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर किल्ली परत, नाहीतर वृद्धाश्रम. तिथली खोलीही बघून ठेवलेली होती. नातसून काही वाईट नव्हती. काळजीनं तिला झोप लागत नव्हती, एवढंच.

“सांगा ना. ही कोण?”

“अहो, ही मीच की!”

डॉक्टरांचं पेन थांबलं. पोरगेलीच होती ती डॉक्टर, असेल अठ्ठावीस-तीस वर्षांची. तिनं चित्राकडे पाहिलंच नाही, शेजारच्या उत्तरांच्या कागदाकडे पाहिलं. मग आजींकडे इतक्या मायेनं पाहिलं की आजींच्या काळजात धस्स झालं.

“तुम्ही. बरं. आरशात बघता तेव्हाही अशाच दिसता का?”

“आरशात कशी दिसेन? साठ वर्षं झाली त्याला. पाकोळी म्हणायचे मला. तुमच्या आईला विचारा हवं तर.”

“आईला नाही माहीत असणार. आजीला विचारायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण ती नाही आता.” मग त्या नातसुनेकडे वळल्या. “ह्या सिनेमात वगैरे होत्या का हो?”

नातसून गोंधळली. “लग्नात कुणीतरी म्हणालं होतं... नाटकात काम करायच्या म्हणे. छोटंसं काहीतरी. आम्ही कधी विचारलं नाही.”

छोटंसं! त्यांना बघायला लोकांनी थेटराचे दरवाजे मोडले होते. दोनदा. आणि ही त्यांच्याच घरची सून.

डॉक्टर काहीतरी लिहीत होत्या. उलटं असलं तरी आजींना वाचता आलं. समोरच्याच्या हातातल्या कागदावरून स्वतःचे संवाद चोरून वाचण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. ‘स्वतःला चित्रातली व्यक्ती समजतात.’

“हे चित्र आम्ही काढूनच टाकणार आहोत,” डॉक्टर नातसुनेला समजावत होत्या. “माझ्या आधी इथे असलेल्या सरांच्या वेळचा कागद आहे. तेव्हा म्हणे, पोटच्या मुलाला विसरलेले पेशंटही हिला ओळखायचे. हल्ली चांगली ठणठणीत माणसंसुद्धा ओळखत नाहीत. मलाही उत्तरात नाव बघूनच कळलं.”

आजींना राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली.

“परत एकदा विचारते हं, आजी. दोनदा विचारायची मुभा असते. घाई नाही. नीट बघा. ही कोण?”

आजींनी नीट पाहिलं. डावीकडे कललेली मान, ओठांत दाबलेलं हसू. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून काढून कोपऱ्यात नुसता काळा फराटा उरला होता. मग त्यांनी नातसुनेच्या पर्सकडे पाहिलं.

“ही होय?” त्या म्हणाल्या. “होती एक नटी. पाकोळी म्हणायचे तिला. कधीच गेली असेल बिचारी.”

“शाब्बास!” डॉक्टरांनी मघाची ओळ खोडली आणि बरोबरची खूण केली. “झाली बघा सात! मघाशी जरा गोंधळ उडाला होता ना?”

“गोंधळच तो.”

नातसुनेचे डोळे भरून आले. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि आजींच्या हातावर ठेवली. आजींनी मूठ मिटली ती घट्टच.

“आता इथे खाली सही करा.” डॉक्टर उठून आजींच्या शेजारी आल्या आणि पेन पुढे करून वाकून उभ्या राहिल्या. एक तरुण मुलगी, तिनं पुढे केलेलं पेन आणि समोर तो फोटो. आजींचा हात आपसूक चालला. एक लांब वळसा, त्यातून वर झेपावणारे दोन पंख, खाली टिंब. टिंब दिल्यावर त्या स्वतःच दचकल्या.

डॉक्टर सहीकडे बघत राहिल्या. कागदपत्रांवरचं नाव हे नव्हतं. मग त्यांनी दहावं चित्र जवळ ओढलं. कोपऱ्यातल्या ज्या फराट्याला त्या गेली दोन वर्षं शाईचा डाग समजत होत्या, त्यालाही दोन पंख होते. खाली टिंब होतं. 

“आजी... म्हणजे तुम्ही खरंच...”

आजींच्या हातातलं पेन घेऊन त्या खोडलेल्या ओळीकडे वळल्या. आजींनी झटकन कागदावर तळहात टेकला.

“राहू दे गं, पोरी. आहे तेच उत्तर बरोबर आहे. मला घरी जायचंय.”