पाचाचं बटण

“वाजत नाय म्हणजे बिघडलाच हाय!” टेलिफोन कचेरीची पायरी चढता चढता भिकाजी म्हणाला. “माझ्या मृणालीला नाय म्हणणारा अजून जन्माला यायचाय.”

मथुरा पिशवी छातीशी धरून नवऱ्यामागून चालली होती. पिशवीत लाल फोन होता.

मुलगी बघून गेलेल्या राजापूरच्या स्थळाने सांगितलं होतं, पसंत असेल तर रविवारपर्यंत फोन करू, नाही आला तर समजून घ्या. रविवार उलटला. घरच्या फोनवरून बोलता येत होतं, पण घंटी काही वाजली नव्हती. त्यांच्या घळीत मोबाइलला रेंज नाही. आपणहून विचारणं भिकाजीला कमीपणाचं वाटत होतं. शेजारच्या यमुनाबाईने तिच्या फोनवरून एकदा लावून बघितलं असतं तरी सोक्षमोक्ष लागला असता. पण दोन अंगणांमधल्या गडग्याच्या दगडांवरून भांडण झाल्यापासून तिच्याशी बोलणं बंद. मथुरालाही सक्त ताकीद होती.

मृणालीला पोफळी गावचा रितेश पसंत होता. मुलात खोट नव्हती. पण पोरीने परस्पर ठरवलं, हे भिकाजीला झोंबलं होतं.

“फोन चांगला निघाला तर रितेशला होकार,” त्याने काल छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. “पण तसं व्हायचं नाय!”

व्हरांड्यात भिंतीला फोन तपासायचं यंत्र होतं. वायर जोडायची, फोनवरचे आकडे दाबायचे, मग यंत्रच फोन वाजवून बघतं. कुणाची मनधरणी नको. भिकाजीने ऐटीत आकडे दाबले.

“पाचाचं बटण आज अडकलं नाय गो?”

“पुसून आणलाय मी. चार माणसांत आणायचा तर!”

तेवढ्यात फोन असा खणखणला की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. हिरवा दिवा लागला.

भिकाजीला फार वाईट वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द. बाहेर येऊन त्याने मथुराच्या मोबाइलवरून रितेशच्या वडिलांना होकार कळवला, साखरपुडाही ठरवला आणि पेढे घेतले. पेढे घेईपर्यंत राजापूरकरांचंच नशीब फुटकं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

घरी येताच मथुरा आधी आत गेली. “फोन जोडलाय,” म्हणाली आणि पिशवी घेऊन लगबगीने मागीलदारी गेली.

मुंबईच्या भावाला आनंदाची बातमी द्यावी म्हणून भिकाजीने फोन उचलला. दोन आकडे दाबले. तिसरा पाच. बटण आत गेलं ते वर येईना.

त्याने फोनकडे बघितलं. मग खिडकीतून मागे बघितलं.

गडग्यापलीकडून यमुनाबाई पिशवीतला स्वतःचा लाल फोन काढून घेत म्हणत होती, “तुमच्याची घंटी एवढ्यात जोडू नको हां मथुरा. साखरपुडा होऊन जाऊ दे.”