पित्तच ते

"आजी, कुठल्या सुईचा, गोळीचा आधी कधी त्रास झालाय का?" इंजेक्शन भरता भरता डॉक्टर सदफनं विचारलं.

द्वारकाबाईला कुणी काही विचारायचाच अवकाश. काटा रुतून सुजलेला पाय तिनं खाटेवर नीट लांब केला अन् सुरू झाली.

"झालाय की! वेरूळला लेकीकडं होते, तवा एकानं अशीच सुई दिली. तोंड असं फुगलं, असं फुगलं, की दारातून आत जाईना. चौकट काढावी लागली माय. म्हैस मला बघून दावं तोडून पळाली, ती थेट दौलताबादच्या किल्ल्यावर सापडली."

डॉक्टर खुदकन हसली. गारखेड्यातल्या त्या एवढ्याशा दवाखान्यात सकाळपासून कुणी हसलं नव्हतं.

"ह्यांचं काय ऐकता, डॉक्टर," सून मंजुषा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "ह्यांनी लाटण्यानं बिबट्या हाकललाय. पित्त होतं ते. अंगभर गांधी उठल्या, आमसूल चोळलं, गेलं."

"नक्की पित्तच?"

"पित्तच ते."

डॉक्टरनं सुई दिली.

बिबट्याचा विषय निघालाच होता, तर द्वारकाबाईनं तोही सांगायला घेतला. बिबट्या लिंबाच्या झाडावर चढला, अन् ती मधेच थांबली. तळहात खाजवायला लागली.

मंजुषानं मोबाइल खाली घेतला. सासूनं गोष्ट अर्ध्यात सोडलेली तिनं लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

द्वारकाबाईच्या गळ्यावर लाल गांधी उठत होत्या.

"बघा, पित्त उठलंच," मंजुषा म्हणाली. "शेजारच्या दुकानातून आमसूल आणते."

ती उठली, तशी द्वारकाबाईनं तिची ओढणी गच्च धरली. तोंड उघडलं. शब्द नाय, नुसती शिट्टीसारखी घरघर.

डॉक्टर वळली अन् तिचा चेहराच उतरला. "पित्त नाही हे! इंजेक्शन उलटलंय. त्यांना उठवू नका. पाय वर धरा, ताई, वर!"

लुगडं सरकवून तिनं मांडीत दुसरी सुई टोचली. तोंडावर ऑक्सिजन लावला. खांद्यात फोन धरून अ‍ॅम्बुलन्स बोलावली. मंजुषा सासूचे पाय छातीशी धरून उभी होती. ओठ निळे पडत चाललेले तिला दिसत होते.

"आत्या," तिचा आवाज फाटला. "बिबट्या झाडावर चढला, मग? मग काय झालं? सांगा की!"

द्वारकाबाई काहीच बोलेना.

डॉक्टर नाडी धरून बसली. घड्याळाकडं बघायची, पुन्हा तोंडाकडं बघायची. लई वेळानं ती घरघर जराशी बसली. मग श्वास आला, पुरा, खोल. ओठांवर रंग आला.

मंजुषानं पाय सोडले नाहीत.

"आता घरी नाही न्यायचं," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा उलटू शकतं. आजची रात्र मोठ्या दवाखान्यात." मग ती खाटेच्या कडेला टेकली. "आजी, तेव्हाही असाच दम कोंडला होता, असं सरळ का नाही सांगितलं मला?"

द्वारकाबाईनं मास्क जरा बाजूला केला.

"पहिल्यांदा सरळच सांगितलं होतं, बाई. त्या डॉक्टरला सांगितलं, लेकीला सांगितलं, हिला बी सांगितलं. पित्त म्हणले समदे." तिनं दम घेतला. "वाढवून सांगितलं की लोक बसून ऐकतात तरी."

मंजुषा खाली बघत राहिली.

बाहेर अ‍ॅम्बुलन्सचा भोंगा वाजला. डॉक्टरनं द्वारकाबाईचा हात ओढून घेतला अन् मनगटावर, हिरव्या गोंदणाच्या शेजारी, पेनानं त्या इंजेक्शनचं नाव ठळक लिहिलं.

द्वारकाबाईनं हात डोळ्यांजवळ नेऊन अक्षरं न्याहाळली.

"गोंदूनच टाक माय," ती म्हणाली. "पेनाचं पुसतं."